धुतलेली रेती

बेलखोरीत नागपूरची जीप आली की ती पहिल्यांदा मोहिउद्दीन मिस्त्रींच्या दारात थांबायची, सरपंचाकडे नंतर जायची. सरपंच पाच वर्षांनी बदलतो आणि आपली भिंत नऊ वर्षांत बदललेली नाही, असं त्याचं कारण खुद्द मिस्त्रीच सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत.

या मानाच्या मुळाशी काडेपेटीएवढा एक काळा बिल्ला होता.

गावाच्या उगवतीला, मुकुटबनच्या रस्त्यालगत, एक करडा ढीग आहे. बावीस वर्षांपूर्वी एका कंपनीनं तिथं युरेनियमची चाचणी खाण खणली, दगड दळायची गिरणी टाकली, पाच वर्षं दळदळ दळलं आणि माल पुरेसा निघत नाही म्हणून कुलूप लावून निघून गेली. जेवढं युरेनियम निघालं तेवढं बरोबर नेलं. उरलेला चोथा गावाला ठेवला. सात-आठ वर्षांनी सरकारला त्या चोथ्याची आठवण झाली, तेव्हा त्याला तारेचं कुंपण मिळालं, कुंपणाला पिवळी पाटी मिळाली आणि पाटीवर कवटी आली. कवटीखाली शाळेतली पोरं आपापली नावं लिहून आली.

चोथ्यातून किरण निघतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायचा नियम आहे. ढिगाजवळच्या बारा घरांत एकेक बिल्ला टांगायचा. तीन महिन्यांनी तो नागपूरच्या प्रयोगशाळेत जातो आणि त्यावर किती किरण पडले ते तिथलं यंत्र सांगतं. पण किरण साध्या जमिनीतूनही निघतात आणि आकाशातूनही येतात. मग ढिगाचे कोणते आणि देवाघरचे कोणते, हे कसं ओळखायचं? त्यासाठी तेरावा बिल्ला. तो ढिगापासून लांब, एखाद्या स्वच्छ घरात टांगायचा. त्यावर येईल तो आकडा निसर्गाचा. तो बाराही घरांच्या आकड्यांतून वजा करायचा, म्हणजे उरेल तो ढिगाचा. हा उरलेला आकडा पंचविसाच्या वर गेला तर कंपनीनं परत येऊन ढिगावर दीड मीटर मातीचा थर द्यायचा, असं कागदोपत्री ठरलेलं. कसले पंचवीस, ते नागपूरवाल्यांना माहीत. गावाला पंचवीस कळत होते, तेवढं पुरे होतं.

हा तेरावा बिल्ला मिस्त्रींच्या घरात होता. तो टांगायला प्रयोगशाळेचा सुनील गोहोकार पहिल्यांदा आला तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला होता. ढिगापासून दोन किलोमीटर लांब, पक्कं, ओल नसलेलं घर हवं, एवढंच त्याला सांगून पाठवलेलं. अख्खं गाव फिरून तो मिस्त्रींच्या आतल्या खोलीत आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "चाचा, असा गिलावा नागपुरात पाहायला मिळत नाही."

त्या एका वाक्यावर मिस्त्री विकले गेले. बिल्ल्याचा खिळा त्यांनी ओळंबा लावून ठोकला. खिळ्याला ओळंबा कशाला लागतो, हे गोहोकारला विचारायचं होतं, पण समोर चहा आला.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागायचा: बारा घरं आणि त्यांच्यापुढे बारा शून्यं. गाव निर्धास्त झालं. प्रजासत्ताक दिनाला मिस्त्रींना पुढच्या रांगेत खुर्ची मिळू लागली. मिस्त्रीचं घर जसं चोख तसंच आपलं, म्हणून शून्य, अशी लोकांनी आपली समजूत करून घेतली आणि मिस्त्रींनी ती कधी मोडली नाही.

नाखूश होत्या त्या एकट्या विमलताई. त्यांचं घर ढिगाच्या अगदी पायथ्याशी. उन्हाळ्यात वारा सुटला की ढीग थोडा थोडा त्यांच्या स्वयंपाकघरात राहायला यायचा. ढिगावर माती टाका, असे त्यांनी नऊ वर्षांत किती अर्ज केले, ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर आलं होतं: आपल्या घरी आढळलेला आकडा शून्य.

"मिस्त्री," त्या बाजारात भेटल्या की भर रस्त्यात विचारायच्या, "माह्या भाकरीत रेती कचकच करते, अन् कागदावर मी शून्य. तुमच्या घरात असं काय हाये बाप्पा, का ते वजा केलं का मी उरतच नाई?"

"मेहनत हाये, ताई," मिस्त्री हसून म्हणत. "माह्या घरात मेहनत हाये."

मेहनत होतीच. गिरणी चालू होती तेव्हा, अठरा वर्षांपूर्वी, मिस्त्रींनी ते घर स्वतःच्या हातांनी बांधलं. गवंड्याच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: रेती धुऊन घ्या. मातकट रेतीचा गिलावा पोपडे धरतो, धुतलेल्या रेतीचा पिढ्यान्‌पिढ्या राहतो. मिस्त्रींचं निम्मं आयुष्य घमेल्यात रेती धुण्यात गेलं होतं. आणि इथं गिरणीतून चोथा बाहेर पडायचा तो आयता धुतलेला, रव्यासारखा बारीक, मातीचा कण नाही. मिस्त्रींनी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिला. एवढी स्वच्छ रेती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. गिरणी ती तेजाबानं धुते, हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायचंही सुचलं नाही. रेती धुतात ती पाण्यानं, यापलीकडे गवंड्याला काय विचार करायचा असतो? चौकीदार म्हणाला, नेऊन टाका, आमची जागा तरी मोकळी होईल. मिस्त्रींनी अकरा ट्रॉल्या आणल्या. दोन फूट जोत्यात भरली, उरलेली भिंतींना लावली.

गिऱ्हाइकांनाही त्यांनी ती रेती देऊ केली होती. पण लोक अडून बसले. विठ्ठलराव तेव्हा शेतात मोटारघर बांधत होते, ते म्हणाले, "मले पैनगंगेचीच रेती पाह्यजे. हे पीठ माह्या इथं नको." मिस्त्री त्यांना हसले होते. पुढे विठ्ठलरावांच्या मोटारघराला तडे गेले आणि मिस्त्रींच्या घराला गेले नाहीत, हे ते विठ्ठलराव सरपंच झाल्यावरही त्यांना आठवण करून देत.

घरात मिस्त्री, सून शहनाज आणि पाच वर्षांची नात फरहा. मुलगा इमरान ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस हैदराबादच्या रस्त्याला. फरहाला आतल्या खोलीची फरशी फार आवडायची, कारण ती गार होती. दुपारी ती तिथंच उघड्या फरशीवर, बरोबर बिल्ल्याच्या खाली, पोटावर झोपायची. मिस्त्री दारात बसून तिला वारा घालायचे आणि आपण बांधलेल्या फरशीकडे कौतुकानं पाहायचे.

मग नियमात एक बारीक बदल झाला. कुठल्या तरी समितीनं ठरवलं की लोकांना वजाबाकीच्या आधीचे आकडेही दाखवायचे. पुढच्या वेळी फळ्यावर जो कागद लागला त्यात शून्यांच्या अलीकडे आणखी एक रकाना होता आणि तळाशी तुलनेच्या घराचा आकडाही होता. शाळेतून फरहाला आणताना शहनाज त्या कागदासमोर थांबली आणि बराच वेळ थांबली.

घरात बोलणं हिंदीत चालायचं. पण शहनाज मुकुटबनच्या मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे गणित आणि राग या दोन गोष्टी तिला मराठीतच जमायच्या. ती घरात आली ती मराठीत बोलतच आली.

"अब्बा, आपल्या घरचा आकडा एकशे दहा आहे."

"आणि बाकीच्यांचे?"

"कोणाचे तीस, कोणाचे चाळीस. विमलताईंचे अठ्ठावन्न."

मिस्त्रींचा चेहरा खुलला. "म्हणजे आपण पहिले आलो."

शहनाजनं कपाळाला हात लावला. "अब्बा, हे शाळेचे मार्क नाहीत. हे किरण आहेत. ढिगाच्या पायथ्याशी अठ्ठावन्न अन् आपल्या घरात एकशे दहा. हे एकशे दहा सगळ्यांतून वजा करतात. अठ्ठावन्नातून एकशे दहा गेले तर काय राहते?"

"काही राहत नाही."

"म्हणून शून्य. नऊ वर्षं." ती फरशीवर बसली आणि लगेच उठून उभी राहिली. "अब्बा, या घरात काय भरलं आहे तुम्ही?"

मिस्त्रींना सवय होती, भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून आतलं ऐकायची. पोकळ आहे की भरीव, ओल आहे की नाही, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. ते उठले, बिल्ल्याशेजारी टकटक केली आणि कान लावला. भिंत भरीव होती. तिच्यात काही खोट ऐकू येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शहनाज फरहाला घेऊन माहेरी मुकुटबनला गेली. जाताना म्हणाली, "पोरगी या फरशीवर आता झोपणार नाही. तुम्हाला भिंत पाहिजे तर भिंतीजवळ राहा." ती असं कधी बोलत नसे. मिस्त्रींना ते फार लागलं.

गोहोकार बिल्ले बदलायला आला तेव्हा मिस्त्रींनी त्याला आत बसवून एकशे दहाचं विचारलं. गोहोकार आता नवा राहिला नव्हता. केस विरळ झाले होते आणि उत्तरं तयार झाली होती.

"चाचा, तुलनेचा बिल्ला चुकत नसतो."

"पण चुकला तर?"

"तो चुकला तर तुलना कशाशी करायची?" गोहोकार समजुतीच्या सुरात म्हणाला. "आणि शून्याच्या खाली गेलं तरी आम्ही शून्यच लिहितो. फॉर्मात वजा चिन्हाला जागा नाही."

"मंग माह्या घराची तपासणी करा न."

"तुमचं घर तपासायच्या यादीत नाही. तुमचं घर तर माप आहे. तराजूच्या मापाला कोणी तराजूत टाकतं का?" त्यानं चहा संपवला. "आणि समजा, हे घर खराब निघालं, तर छत्तीस कागद रद्द होतील. छत्तीस कागदांवर माझी सही आहे. झोप नीट लागते ना चाचा? मग झालं."

खरं म्हणजे तेवढ्यावर सोडून देता आलं असतं. मिस्त्रींनी तसा विचारही केला. जोत्यात काय आहे हे सांगितलं तर घर जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली, त्यांत हे एकच स्वतःचं. न सांगितलं तर घर राहणार, खुर्ची राहणार, फक्त फरहा येणार नाही. आणि विमलताई शून्यच राहणार. आठ दिवस मिस्त्री एकटेच त्या घरात राहिले आणि त्यांना ते घर पहिल्यांदाच मोठं वाटलं.

नवव्या दिवशी त्यांनी बिल्ला खिळ्यावरून काढला, खिशात टाकला आणि विठ्ठलरावांच्या शेतातल्या मोटारघरात नेऊन टांगला. पैनगंगेच्या रेतीचं ते मोटारघर त्यांनीच बांधलेलं, तड्यांसकट. खिळा ठोकताना ओळंबा लावला. तीन महिने भरत आले तसा बिल्ला आणून पुन्हा घरच्या खिळ्याला अडकवला. गोहोकारनं तो मुकाट्यानं नेला.

या वेळचा कागद फळ्यावर लागला आणि बेलखोरीत हलकल्लोळ झाला. तुलनेचा आकडा चोवीस. बारा घरांपुढे एकही शून्य नाही. कोणाचे सहा उरले, कोणाचे सोळा, आणि विमलताईंचे चौतीस. पंचविसाच्या वर तब्बल नऊ.

विमलताईंनी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो भेटेल त्याला दाखवत सुटल्या. बाकी गाव मात्र सुतकी चेहऱ्यानं बसलं. नऊ वर्षं आपण शून्य होतो, आता एकदम सोळा कसे झालो, असं प्रत्येकाला वाटत होतं. ढिगापेक्षा लोकांना त्या कागदाचाच राग आला होता.

ग्रामसभा बोलावली. गोहोकार या वेळी एकटा आला नव्हता. दोन मोठे साहेब आणि पिवळ्या पेटीतलं एक यंत्र बरोबर होतं. एरवी ते यंत्र आणायला वेगळी मंजुरी लागते, पण इतका गोंधळ झाल्यावर ती एका दिवसात मिळाली होती. मोठ्या साहेबांनी सांगितलं की तुलनेचा आकडा नऊ वर्षं शंभराच्या वर होता तो एकाएकी चोवीस झाला, म्हणजे कोणीतरी बिल्ला हलवला आहे. हलवलेला बिल्ला नियमात बसत नाही. म्हणून या तिमाहीचे सगळे आकडे रद्द आणि आधीचे शून्यच कायम.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. विमलताईंचा मोबाइल हातातल्या हातात राहिला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी परत शून्य?" त्यांचा आवाज इतका बारीक झालेला कोणी कधी ऐकला नव्हता.

तेव्हा पुढच्या रांगेतली खुर्ची सरकली. मिस्त्री उठून बाहेर गेले आणि डोक्यावर घमेलं घेऊन परत आले. सकाळीच त्यांनी आतल्या खोलीतली एक फरशी उखडून ठेवली होती. घमेलं त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यात करडी, बारीक, स्वच्छ रेती होती.

"यंत्र लावा," ते म्हणाले.

गोहोकारनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. यंत्र घमेल्याजवळ गेलं आणि कडकड वाजायला लागलं. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली.

"बिल्ला मी हलवला," मिस्त्री म्हणाले. "विठ्ठलरावच्या मोटारघरात नेलता. खरे चोवीस तिथले. एकशे दहा होते ते माह्या घराचे, अन् माह्या घरात हे हाये. अकरा ट्रॉल्या. चोरून नाई आणली, पण कोणाले सांगतलंबी नाई." त्यांनी घमेल्याकडे बोट केलं. "मले वाटलं, धुतलेली हाये म्हणजे साफ हाये. नऊ वर्षं माह्या घरातली घाण या ताईच्या घरातून वजा होऊन राह्यली होती. मी खुर्चीवर बसून राह्यलो होतो. मले लाज वाटते."

मग मागून एक जण कुरकुरला, "चांगलं शून्य होतं, काहून खोदत बसले?" त्याला विठ्ठलरावांनी खाली बसवलं. अठरा वर्षांपूर्वीचं मिस्त्रींचं हसणं विठ्ठलरावांच्या लक्षात असणारच, पण त्यांनी ते काढलं नाही, एवढं मोठेपण त्यांनी दाखवलं.

छत्तीस कागद रद्द झाले. चौतीस कायम झाले. कंपनीला ढिगावर माती टाकायचा हुकूम निघाला आणि तीन-चार महिन्यांत खरोखरच टिप्पर यायला लागले. मिस्त्रींच्या घराचं काय करायचं, हे मात्र कोणालाच सांगता येईना. नियम कुंपणाच्या आतल्या चोथ्याचे आणि घर कुंपणाच्या बाहेर. चोथा घरातून काढायचा तर मंजूर जागीच नेऊन टाकायला पाहिजे. मंजूर जागा म्हणजे ढीग. आणि ढीग आता माती टाकून बंद होत होता, त्यात नवा माल घ्यायला मनाई. तेव्हा घर पाडायचं नाही, रेती काढायची नाही आणि घरात राहायचंही नाही, असा निर्णय झाला. घराभोवती तारेचं कुंपण घालायचं ठरलं. कुंपणाला पिवळी पाटी आली, पाटीवर तीच कवटी.

खांब रोवणारी माणसं बाहेरची होती. मिस्त्री रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहत होते. तिसरा खांब रोवून झाला तेव्हा त्यांना राहवेना. ते जवळ गेले, खिशातून ओळंबा काढून खांबाला लावला आणि म्हणाले, "बोटभर वाकडा हाये, बाप्पा. काढून परत लावा." त्या माणसांनी तो काढून परत लावला. मग उरलेले सगळे खांब मिस्त्रींनी उभं राहून सरळ लावून घेतले.

राहायला जागा विमलताईंनी दिली. आपल्या घरामागची, ढिगाच्या पायथ्याची. तिथं आकडा अठ्ठावन्न होता, माती पडेल तसा आणखी उतरणार होता. एकशे दहावरून अठ्ठावन्नावर, म्हणजे चांगल्या हवेच्या ठिकाणी राहायला आल्यासारखं झालं, असं विमलताई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. ज्या ढिगापासून लांब म्हणून मिस्त्रींच्या घराची नऊ वर्षांपूर्वी निवड झाली होती, त्याच ढिगाच्या सावलीत मिस्त्री जीव वाचवायला आले.

दोन खोल्यांसाठी त्यांनी पैनगंगेची रेती आणली. घमेलं घमेलं करून धुतली. एकदा धुतली, दोनदा धुतली, तरी त्यांचं समाधान होईना. पाचव्यांदा पाणी ओतताना विमलताई आपल्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, किती धुता? रेतीचं पाणी होईल आता."

"धुऊ द्या, ताई," मिस्त्री म्हणाले. "या बारीनं मी सोता धुऊन राह्यलो."

खोल्या झाल्या. गोहोकार नवा फॉर्म घेऊन आला. तुलनेचा बिल्ला आता विठ्ठलरावांच्या मोटारघरात कायमचा गेला होता, आणि जीप पहिल्यांदा तिथं थांबायची, जरी तिथं चहा द्यायला कोणी नसायचं. तपासायच्या घरांची यादी बाराची तेरा झाली होती. तेराव्या ओळीत मोहिउद्दीन मिस्त्री असं नाव होतं. गोहोकारनं या वेळी भिंतीवरून हात फिरवला नाही. बिल्ला देऊन, मान खाली घालून तो निघून गेला.

इमरान सुट्टी काढून आला होता. तो मुकुटबनहून शहनाज आणि फरहाला घेऊन आला. सामान लागेपर्यंत फरहा सगळ्या घरभर फिरली, मग सवयीप्रमाणे आतल्या खोलीत जाऊन फरशीवर पालथी पडली. मिस्त्री पंखा घेऊन दारात बसले. थोड्या वेळानं तिनं मान वर केली आणि नाराजीनं म्हणाली, "दादा, ही फरशी तिकडच्यासारखी गार नाही."

"नाही बेटा," मिस्त्री म्हणाले, "तशी नाही ही," आणि त्यांना रडू आलं. शहनाज पाहत होती, तरी त्यांनी ते लपवलं नाही. एका हातानं डोळे पुसत ते दुसऱ्या हातानं नातीला वारा घालत राहिले.